कॉलेजचे प्रेसिडेंट गेले, आता मुलीचं काय? – वाचकांचे प्रश्न

या वेळी अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांबद्दलची, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांबद्दलची, पत्रं एवढी आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकललेत. काही पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

ताई, माझी मुलगी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, दोन वर्षांनी यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर व्हायचंय. आधी प्राध्यापकांनी प्रेसिडेंटवर नो कॉन्फिडन्सचा ठराव केला, मग प्रेसिडेंटने अचानक राजीनामा दिला, आता कोणीतरी इंटरिम, म्हणजे तात्पुरते प्रेसिडेंट, येऊन बसलेत. मिस्टर म्हणतात तिला लगेच दुसऱ्या कॉलेजात हलवू. मला काहीच सुचत नाहीये.

आधी मिस्टरांना म्हणावं जरा थांबा. प्रेसिडेंट गेला म्हणून मुलीचं एक युनिटही, म्हणजे कोर्सचं एक क्रेडिटही, कुठे जात नाही.

काय असतं ना, नो कॉन्फिडन्स ऐकलं की आपल्या डोक्यात एकदम अविश्वास ठराव आणि सरकार पडलं असंच येतं, पण इथे त्या ठरावाला कायद्याने काही ताकद नाही, ती प्राध्यापकांची जाहीर नाराजी असते एवढंच. प्रेसिडेंटला नेमायचं आणि काढायचं काम कॉलेजचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ ट्रस्टीजचं, आणि कॅलिफोर्नियात हे ट्रस्टी लोकांनी मतं देऊन निवडून आणलेले असतात. म्हणजे नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर खाली कुठेतरी ज्यांची नावं असतात आणि आपण ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तेच खरे मालक.

त्यामुळे इंटरिम साहेबांच्या गोडगोड ईमेल वाचण्यापेक्षा बोर्डाच्या मीटिंगचा अजेंडा वाचा. ब्राउन अ‍ॅक्ट नावाचा 1953 चा कायदा आहे, त्यानुसार नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा 72 तास आधी सगळ्यांना दिसेल असा लावावाच लागतो. त्यात क्लोज्ड सेशन, म्हणजे बंद दाराआडची चर्चा, म्हणून एक भाग असतो, तिथे बघा. "पब्लिक एम्प्लॉई डिसिप्लिन, डिसमिसल, रिलीज" अशी, म्हणजे कर्मचाऱ्यावरच्या कारवाईची, ओळ मीटिंगमागून मीटिंग दिसत असेल तर आत कोणाचं तरी काही शिजतंय, नाव मात्र लिहीत नाहीत. "पब्लिक एम्प्लॉई अपॉइंटमेंट" आणि पुढे पदाचं नाव दिसलं की नवा माणूस शोधणं चाललंय. "कुटुंबाला वेळ देण्यासाठी" वगैरे राजीनाम्याच्या पत्रापेक्षा ही एक ओळ जास्त खरं बोलते, माझं तरी हेच मत आहे.

घाबरायचं कधी? अ‍ॅक्रेडिटेशनला म्हणजे कॉलेजच्या मान्यतेला धक्का लागला तर. तिकडची अ‍ॅक्रेडिटेशन संस्था कॉलेजला आधी वॉर्निंग देते, मग प्रोबेशन, मग शो कॉज (मान्यता का काढू नये ते सांगा), आणि हे सगळं जाहीर असतं, लपवता येत नाही. आणि तिथेही एकदम धावाधाव नको. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घ्या, 2012 मध्ये शो कॉज लागला, 2013 मध्ये तर मान्यता काढायचा निर्णयही झाला, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि जानेवारी 2017 मध्ये पुढच्या सात वर्षांसाठी मान्यता मिळाली. या सगळ्या काळात मान्यता एक दिवससुद्धा गेली नव्हती, तिथे घेतलेले क्रेडिट्स चालतच होते, पण मुलं भीतीनेच हजारोंनी सोडून गेली आणि कॉलेजचं खरं नुकसान त्यातून झालं.

आता तुमच्या मुलीचं. तिचं ट्रान्सफर प्रेसिडेंटच्या सहीवर नाही, असिस्ट नावाच्या साइटवरच्या करारांवर चालतं. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स यूसीच्या कुठल्या कोर्सच्या जागी धरतात ते तिथे मेजरनुसार, म्हणजे मुख्य विषयानुसार, दिलेलं असतं. शिवाय टॅग म्हणून प्रवेशाची हमी आहे, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या यूसीच्या सहांपैकी एकाच कॅम्पसला मागता येते, अर्ज सप्टेंबरमध्ये. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यांची हमी नाही, हे तिला आत्ताच सांगून टाका नाहीतर नंतर रडारड. आणि सगळ्या मेजरना ही हमी मिळतेच असं नाही, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी तर डोळ्यात तेल घालून अटी वाचायच्या.

खरा फटका बसतो तो वेगळ्याच ठिकाणी. वर गोंधळ असला की कोर्स निवडायला मदत करणाऱ्या काउन्सेलरच्या रिकाम्या जागा भरत नाहीत आणि शेड्यूलमधून गर्दी नसलेले कोर्स गुपचूप गळतात. कॅल्क्युलसचा तिसरा भाग किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्री फक्त स्प्रिंगलाच आणि तेही एकाच सेक्शनला (तुकडीला) ठेवलंय असं झालं तर तिचं अख्खं वर्ष लांबू शकतं. म्हणून तिला सांगा गेल्या दोन वर्षांची शेड्यूल्स उघडून बघ, तिला लागणारे कोर्स दर सेमिस्टरला होते का. आणि एखादा नसेलच तर शेजारच्या कॉलेजात तेवढा एक घेता येतो, त्यासाठी बिऱ्हाड हलवायला नको.

नात हुशार आहे, पण कम्युनिटी कॉलेजला गेली. इकडे नातेवाईक विचारतात, मार्क कमी पडले का? काय सांगू? – एक आजोबा

आजोबा, सांगा की नाही पडले. ही कॉलेजं आजची नाहीत, इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज 1901 मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं, तेही शिकागो युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांच्या पुढाकाराने. कॅलिफोर्नियात अशी 116 आहेत, तिथल्या रहिवाशाला फी युनिटला 46 डॉलर पडते म्हणजे वर्षाची 30 युनिट्स घेतली तरी 1380 डॉलर, यूसीला दहापट तरी लागतात आणि शेवटी पदवी यूसीचीच मिळते. आणि 2023 मध्ये या सगळ्या कॉलेजांच्या चॅन्सेलर, म्हणजे सर्वोच्च प्रमुख, झालेल्या सोन्या क्रिश्चन मूळच्या केरळच्या आहेत, हेही सांगा, नातेवाईकांना असलं लगेच पटतं.

ताई, आमच्या कॉलेजात स्टुडंट ट्रस्टीच्या इलेक्शनला उभा राहा म्हणून मित्र मागे लागलेत. बोर्डात बसायला मिळतं म्हणे. पण मत मोजतच नाहीत असंही ऐकलं. मग कशाला? (कॅलिफोर्निया)

बरोबर ऐकलंयस, तुझं मत सल्ल्यापुरतं, निकालात धरत नाहीत, आणि क्लोज्ड सेशनला तुला बाहेर बसवतील. तरी मी म्हणेन उभा राहा. कारण तुझं मत मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदींत, लिहिलं जातं. सात ट्रस्टी हो म्हणाले आणि विद्यार्थी नाही म्हणाला हे रेकॉर्डवर आलं की पुढच्या निवडणुकीत कोणीतरी ते बाहेर काढतंच. शिवाय नियमच असा आहे की ग्रेडिंग, आचारसंहिता, विद्यार्थ्यांची फी, बजेटची प्रक्रिया असल्या गोष्टींत विद्यार्थ्यांना सहभागाची संधी दिल्याशिवाय बोर्डाने सहसा निर्णय घ्यायचा नाही, आणि हे नियम माहीत असलेला एक जण जरी खोलीत असला ना तरी लोक जपून बोलतात.

एक मात्र कर. आधी दोन मीटिंगला नुसता जाऊन बस. पब्लिक कमेंटला, म्हणजे लोकांनी बोलायच्या वेळेत, माणशी तीनेक मिनिटं मिळतात, ती लोक कशी वाया घालवतात ते बघ, पहिली दोन मिनिटं स्वतःची ओळख आणि आभार, मग मुद्द्यावर येईपर्यंत बेल. तू उलटं करायचं, मागणी पहिल्या वाक्यात. लायब्ररी रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा म्हणायचं, मग कोणासाठी ते.

सेमिस्टर सुरू व्हायला पाच दिवस असताना माझा वर्ग रद्द केला, मुलं कमी म्हणून. मी अ‍ॅडजंक्ट आहे, म्हणजे सत्रापुरती नेमलेली पार्ट-टाइम प्राध्यापक, कॅलिफोर्नियातच दोन कॉलेजांत शिकवते. तयारी सगळी वाया, पैसे शून्य. नवीन डीन म्हणतात बदलाच्या काळात सगळ्यांनी समजून घ्यायला हवं.

डीनना म्हणावं समजून घ्यायला पगार लागतो. चिडचिड होणारच हो, आणि याला बदलाचा काळ वगैरे नाव द्यायची गरज नाही, हे वर्षानुवर्षं असंच चाललंय. एका कॉलेज डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका बोर्डाखालच्या कॉलेजांत, पार्ट-टाइमला पूर्ण कामाच्या 67 टक्क्यांच्या वर सहसा देत नाहीत, म्हणून तर तुम्ही दोन कॉलेजांत गाडी पळवताय.

दोन गोष्टी लगेच करा. युनियनचा करार काढून वर्ग रद्द झाल्यावरच्या भरपाईचं कलम वाचा, काही ठिकाणी थोडे पैसे ठेवलेत, काही ठिकाणी काहीच नाही. दुसरं, बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज टाका. शाळा-कॉलेजच्या लोकांना पुढच्या सत्राच्या कामाची खात्री असते म्हणून सुट्टीत तो मिळत नाही असं ऑफिसमधले सांगतील, पण 1989 च्या सर्व्हिसी खटल्यात कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने ठरवलंय की मुलं किती येतात, पैसे किती मंजूर होतात यावर तुमचं काम टांगलेलं असेल तर ती पुढच्या सत्राची खात्री धरता येत नाही. फॉर्मवर "खात्री आहे का" विचारतील तिथे सरळ नाही लिहा आणि ऑफर लेटरमधली "नोंदणीवर अवलंबून" ही ओळ जोडा. आधी नाकारलं तर अपील करा, पुष्कळांना अपिलातच मिळतं.

आणि हल्ली उलटंही होतं बरं का. वर्ग भरलेला दिसतो, वेटलिस्ट लागते, आणि ऑनलाइन कोर्सच्या पहिल्या आठवड्यात "स्वतःची ओळख करून द्या" म्हटलं की डझनभर उत्तरं एकाच साच्यातली येतात. ती मुलंच नसतात, विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचे पैसे उकळायला कोणीतरी बॉटने भरलेली नावं असतात. सेन्सस डेटच्या, म्हणजे कॉलेज पटसंख्या मोजतं त्या तारखेच्या, आधी त्यांना काढा, नाहीतर त्यांच्यामुळे खरी मुलं बाहेर राहतात.

आमच्या कनेक्टिकटमध्ये सगळी कॉलेजं एकत्र केली. मुलाने सुरुवात केली तेव्हा कॉलेजचं नाव वेगळं होतं, मध्ये दोन वर्षं नोकरी केली, आता परत जायचंय. नाव बदलल्यामुळे पुढे नोकरीत अडचण येईल का?

नाही येणार. 1 जुलै 2023 ला तिथली 12 कॉलेजं मिळून सीटी स्टेट नावाचं एकच कॉलेज झालं, अ‍ॅक्रेडिटेशन आता त्या एका कॉलेजला आहे, जुनी नावं कॅम्पसला राहिलीत. मुलाला फायदाच आहे, एका कॅम्पसला नाव घातलं की दुसऱ्या कॅम्पसचे कोर्स घेताना नवा अर्ज नको. तोटा म्हणाल तर पूर्वी प्रत्येक गावात एक प्रेसिडेंट होता ज्याला तिथले लोक बाजारात गाठू शकत होते, आता सगळ्यांचा मिळून एक, कॅम्पसवर सीईओ. प्राध्यापकांनी विरोध बराच केला होता आणि पहिला आराखडा तर 2018 मध्ये अ‍ॅक्रेडिटेशनवाल्यांनीच परत पाठवला होता. तेव्हा त्याच्या जुन्या आणि नव्या ट्रान्सक्रिप्टची ओळीओळीने ताडणी करा आणि पदवीच्या अटी बदलल्या असतील तर जुना कॅटलॉग (त्याने सुरुवात केली तेव्हाच्या अटी) लागू धरता येतो का ते लेखी विचारा.

ताई, क्लास संपला की सगळे पार्किंगकडे पळतात. सेमिस्टर अर्धं झालं, एक मित्र नाही.

पळतात कारण बहुतेकांना पुढे कामावर जायचं असतं, देशभरात कम्युनिटी कॉलेजची जवळपास दोन तृतीयांश मुलं पार्ट-टाइम आहेत, तुला टाळत नाहीयेत ती. क्लास सुटल्यावर दाराबाहेर शोधू नकोस, कारण तिथे कोणी नसतंच. तुझ्या कॉलेजात कॉलेज अवर आहे का बघ, दुपारी क्लास ठेवत नाहीत अशी वेळ, क्लब त्याच वेळेला भेटतात. ते नसेल तर मॅथ लॅब. रोज त्याच वेळी त्याच टेबलावर बसायचं, तीच तीच डोकी दिसायला लागतात, आणि "हा सातवा प्रॉब्लेम तुला आला का" एवढं विचारलं तरी पुरतं. सर्वात सोपं म्हणजे कॅम्पसवरच नोकरी धर, ट्युटर किंवा लायब्ररी डेस्क. एफ-1 व्हिसावर असशील तरी सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत चालतं, फक्त आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घे.