हाब्रे खटला : आफ्रिकेतील न्याय आणि आश्रय

आपला प्रश्न असा आहे की, आफ्रिकी संघाकडे (आफ्रिकी देशांच्या संघटनेकडे) इतके करार असताना तिथल्या हत्याकांडांच्या आरोपींना हेगलाच, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातच, का न्यावे लागते, आणि निर्वासितांचा त्याच्याशी संबंध काय. चाडचे माजी अध्यक्ष हिसेन हाब्रे यांच्या खटल्याकडे पाहिले, तर दोन्हींचे उत्तर बऱ्यापैकी हाती लागते.

हाब्रे १९८२ ते १९९० सत्तेवर होते. त्यांच्या काळात सुमारे ४० हजार माणसे मारली गेली, असा अंदाज चाडच्याच चौकशी आयोगाने मांडला होता. सत्ता जाताच ते सेनेगलला पळाले आणि डाकारमध्ये निवांत राहू लागले. इकडे सुलेमान गेंगेंग या हिशेबनिसाने तुरुंगातून सुटल्यावर शेकडो सहकैद्यांच्या जबान्या गोळा करून घरात लपवून ठेवल्या. पुढे २००१ साली राजधानी एन्जामेनात गुप्त पोलिसांच्या ओस पडलेल्या कार्यालयात जमिनीवर विखुरलेल्या कागदपत्रांचा ढीग सापडला. त्यात कोठडीत मेलेल्या वा मारल्या गेलेल्या १,२०८ जणांची नावे होती. छळछावणीचा कारभार इतका नीट लिहून ठेवण्याची नोकरशाहीची खोड अखेर तिच्याच अंगाशी आली.

तरीही खटला उभा राहायला वर्षानुवर्षे लागली. सेनेगलच्या न्यायालयांनी आधी हात झटकले, मग बेल्जियमने प्रत्यार्पण मागितले, तेव्हा आफ्रिकी संघाने २००६ मध्ये ‘आफ्रिकेच्या वतीने’ खटला चालवण्याचे काम सेनेगलवरच सोपवले. त्यानंतरही चालढकल सुरूच राहिली. जुलै २०१२ मध्ये देशादेशांतील वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ‘खटला चालवा, नाहीतर ताब्यात द्या’ असे बजावल्यावर, आणि सेनेगलमध्ये सत्तापालट झालेला असल्यामुळे, विशेष आफ्रिकी न्यायपीठ स्थापन झाले. हाब्रे यांनी न्यायालयाला मानायलाच नकार दिला, त्यामुळे त्यांना बळाने आणून बसवावे लागे. ३० मे २०१६ रोजी त्यांना जन्मठेप झाली. एका आफ्रिकी देशाच्या माजी प्रमुखाला दुसऱ्या आफ्रिकी देशात, आफ्रिकी संघाच्या पाठबळाने शिक्षा झाल्याचे हे पहिलेच उदाहरण होते. भरपाईचा आदेशही झाला, पण निकालानंतर कित्येक वर्षे पीडितांच्या हाती दमडीही पडली नव्हती.

या यशाचे श्रेय संस्थेपेक्षा पीडितांच्या चिकाटीला द्यावे, असे मला वाटते. आरोपी सत्तेबाहेर होता, ही गोष्टही विसरता येत नाही. सत्तेवर असलेल्यांच्या बाबतीत याच संघाने २०१४ साली मालाबो येथे संमत केलेल्या, आफ्रिकेच्या स्वतःच्या न्यायालयाला असे खटले चालवू देणाऱ्या मसुद्यात पदावरील राष्ट्रप्रमुखांना खटल्यापासून संरक्षण देऊन ठेवले. तो मसुदा अजून अमलात आलेला नाही. दक्षिण सुदानसाठी २०१५ च्या शांतता करारात कबूल केलेले संमिश्र न्यायालयही (स्थानिक आणि बाहेरचे न्यायाधीश असलेले) कागदावरच आहे. हेगची वाट दिसते ती या पोकळीमुळे.

आता निर्वासितांविषयी. १९६९ चा आफ्रिकी निर्वासित करार १९५१ च्या जागतिक करारापेक्षा उदार आहे, कारण केवळ छळामुळेच नव्हे, तर परकी आक्रमण किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेची घडी गंभीरपणे बिघडल्यामुळे पळालेल्यांनाही तो निर्वासित मानतो. मात्र मानवतेविरुद्धचे गुन्हे करणाऱ्याला तोच करार आश्रय नाकारतो. म्हणजे ज्या दाराने पीडित आत येतो त्या दाराने हाब्रेंसारख्याने येऊ नये, याची तजवीज १९६९ पासूनच होती, पण सेनेगलने तिचा उपयोग केला नाही.

पूर्व चाडमधील आद्रे या सीमेवरील गावी २०२३ पासून शेजारच्या सुदानमधील युद्धामुळे दारफुर प्रांतातील एल जेनिना शहरातून लाखो माणसे आली. चाडने स्वतः गरीब देश असूनही त्यांना आत घेतले, याची नोंद घ्यायला हवी. या छावण्यांमध्ये साक्षीदारही आहेत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे तपास अधिकारी तिथे जाऊन जबान्या नोंदवतात, त्यामुळे या माणसांना बळजबरीने परत पाठवले तर त्यांच्या जिवाबरोबर पुरावाही जाईल. उद्या दारफुरवरून कुठेही खटला उभा राहिला, तरी त्याचा बराचसा आधार या छावण्यांतील जबान्या असतील.