संचातील नाण्यांवर वेगवेगळी साले : यासाठी ठेव मोडावी का?

आपल्या पत्राचा आशय थोडक्यात असा : हौसेने घेतलेल्या ब्रिटनच्या पहिल्या दशमान नाण्यांच्या निळ्या पाकिटात दोन नाण्यांवर १९६८ आणि तीन नाण्यांवर १९७१ हे साल आपल्याला आढळले. ही टांकसाळीची दुर्मीळ चूक असल्याचे सांगून विक्रेत्याने अशी आणखी चाळीस पाकिटे एकगठ्ठा देऊ केली आहेत. त्यासाठी, मुलीच्या शिक्षणाला दोन वर्षांनी लागणारी मुदत ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात ही चूकच नाही. ब्रिटनने दशमान पद्धत १५ फेब्रुवारी १९७१ रोजी स्वीकारली. परंतु ५ आणि १० पेन्सची नाणी मोलाने व आकाराने जुन्या शिलिंग आणि फ्लोरिन या नाण्यांशी जुळत असल्यामुळे ती १९६८ मध्येच चलनात आणता आली. अर्धा, एक आणि दोन पेन्सची ब्राँझची नाणी जुन्या हिशेबात बसत नव्हती, म्हणून त्यांवर १९७१ हे साल आधीच घालून ती लोकांना ओळख व्हावी यासाठी पाकिटात देण्यात आली. आपले पाकीट जसे असावे तसेच आहे. पाचही नाण्यांवर एकच साल असते, तर मात्र कोणीतरी नाणी बदलली असावीत अशी शंका मी घेतली असती. शिवाय ही पाकिटे फार मोठ्या संख्येने विकली गेली आणि लोकांनी ती आठवण म्हणून जपूनही ठेवली, त्यामुळे बाजारात त्यांचा तुटवडा नाही.

अमेरिकेच्या १९७५ च्या संचातही असेच दिसते. त्यातील पाव डॉलर, अर्धा डॉलर आणि डॉलर यांवर १७७६–१९७६ अशी जोडसाले आहेत, कारण स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीमुळे या तीन नाण्यांवर १९७५ हे साल घातलेच गेले नाही. याउलट १९८२ आणि १९८३ मध्ये तेथील टांकसाळीने न वापरलेल्या साध्या नाण्यांचे नेहमीचे वार्षिक संच काढले नाहीत; त्या दोन वर्षांची न वापरलेली नाणी फारशी कोणी बाजूला ठेवली नाहीत आणि फिलाडेल्फिया व डेन्व्हर येथे विकल्या गेलेल्या साध्या स्मरणसंचांना पुढे मागणी आली. भाव येतो तो किती नग चांगल्या स्थितीत उरले आहेत आणि ते किती जणांना हवे आहेत यावरून. साले सरमिसळ असणे हे त्याचे कारण नव्हे.

आता पैशाचा हिशेब. समजा, १०० ला घेतलेले पाकीट तोच विक्रेता ६० ला परत घेतो. केवळ मुद्दल सुटण्यासाठी भाव सुमारे ६७ टक्क्यांनी वाढावा लागेल, आणि वाढीचा दर वर्षाला ५ टक्के धरला तर त्याला दहा वर्षांहून अधिक काळ जाईल. आपल्याला पैसे तर दोन वर्षांत हवे आहेत. नाण्यांवर व्याज मिळत नाही. चाळीस सारखीच पाकिटे एकाच वेळी विकायला काढली, तर भाव आणखी पडेल. यातील दर्शनी मूल्याचाही फारसा आधार नाही, कारण अर्धा पेन्स १९८४ मध्ये, पाकिटातील मूळचे मोठे ५ पेन्स १९९० मध्ये आणि मोठे १० पेन्स १९९३ मध्ये चलनातून गेले. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजात होणारी कपात यात मी धरलेलीही नाही.

आपल्याला नाण्यांचा मनापासून लळा आहे हे पत्रातून जाणवते, आणि तो मला मोलाचा वाटतो. म्हणून आपल्याजवळचे पाकीट जरूर ठेवावे, आणि महिन्याच्या हौसेच्या खर्चातून बसेल तेवढाच संग्रह वाढवावा. नवे पाकीट घेण्यापूर्वी ते उजेडात तिरके धरून भिंगातून पाहावे : प्लास्टिक चिकट झाले असेल किंवा ब्राँझवर हिरवट थर दिसत असेल, तर त्या पीव्हीसी प्लास्टिकमधून सुटणाऱ्या द्रव्यांनी नाणी खराब होत आहेत असे समजावे. असा थर दिसला तरी नाणी घासून चकचकीत करू नयेत, संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी भाव देतात.

विक्रेत्याला एवढेच विचारावे, की हीच चाळीस पाकिटे मी उद्या परत आणली तर आपण किती रक्कम द्याल, आणि तो आकडा लेखी घ्यावा. तो हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत, आणि तो कितीही आकर्षक असला तरी शिक्षणाची ठेव आहे तेथेच राहू द्यावी.