लंडनमध्ये कौन्सिलचं घर आपल्यानंतर अर्ज केलेल्यांना मिळालं, तर दाद मागता येते का?

तुम्ही लिहिलंय की पूर्व लंडनमध्ये एका बेडरूमच्या घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई राहता, कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या) घरांच्या यादीत सहा वर्षं आहात, आणि मागून आलेल्या शेजाऱ्यांना घर मिळालं. वशिला लागतो का, असं विचारलंय. दाद नक्की मागता येते. फक्त ती शेजाऱ्यांच्या घरावरून मागू नका, स्वतःच्या फाइलवरून मागा.

मी इथल्या एका सल्ला केंद्रात अशा कुटुंबांना अर्ज-पत्रं लिहायला मदत करते. बहुतेक जण तावातावाने येतात ते 'त्यांना कसं मिळालं' हे विचारायला. ते कौन्सिल सांगणारच नाही, कारण कुणी अर्ज केलाय एवढंही त्याच्या संमतीशिवाय उघड करायला 1996च्या हाउसिंग ॲक्टने मनाई केली आहे. शिवाय ही काही रेशनची रांग नाही. आधी गरजेनुसार बँड, म्हणजे अग्रक्रमाचा गट, ठरतो. एका बँडमधल्यांत मग तारीख बघतात, आणि ती बऱ्याच ठिकाणी अर्जाची नसून त्या बँडमध्ये आल्याची असते. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम कौन्सिलची, एका गटातल्यांत प्रतीक्षेचा काळ बघण्याची पद्धत अन्यायाची आहे म्हणून प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) गेलं होतं. 2009मध्ये निकाल कौन्सिलच्या बाजूने लागला: कुणाला किती अग्रक्रम द्यायचा, यात कोर्ट सहसा पडणार नाही.

मात्र तुमच्याबद्दल कौन्सिलने काय नोंदवलंय, यावर रिव्ह्यू, म्हणजे फेरतपासणी, मागायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि निकाल कारणांसह कळवावा लागतो. मुदत बहुतेक ठिकाणी 21 दिवसांची असते. कौन्सिलच्या निर्णयाच्या पत्रावरची तारीख आजच बघा. ती उलटून गेली असेल तर परिस्थिती बदलल्याचा फॉर्म नव्याने भरा. सासूबाई कुटुंबात धरल्या आहेत की 'पाहुण्या' म्हणून वगळल्या आहेत? निम्मे वाद इथेच अडकलेले मी पाहिलेत. त्यांचा व्हिसाही तपासा, कारण सरकारी मदत न घेण्याची अट असलेल्या माणसाचा हिशेब वेगळा होतो.

आजारपणाचं पत्र तर फार जपून घ्या. एका बाईंच्या मुलाला दमा होता. जीपीने (फॅमिली डॉक्टरने) लिहिलं, 'दमा आहे, मोठं घर मिळावं.' कौन्सिलच्या वैद्यकीय सल्लागाराने मुलाला न बघता, कागदावरूनच नकार दिला. दुसऱ्या पत्रात आम्ही जीपीकडून एवढंच मागितलं: पलंगाशेजारच्या भिंतीला बुरशी आहे, मूल रात्री किती वेळा उठतं, पंप किती लागतो, हॉस्पिटलात कधी न्यावं लागलं. सोबत भिंतीचे तारखेसह फोटो. बँड बदलला. आजाराच्या नावाला गुण मिळत नाहीत. हे घर त्या आजाराचं काय करतंय ते दिसलं पाहिजे.

रिव्ह्यूतही नकार आला तर कौन्सिलची तक्रार-प्रक्रिया पूर्ण करून लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जा. तिथे फी नाही. नियमच बेकायदा वाटत असेल तर ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे त्या नियमाला कोर्टात आव्हान, पण तो लवकरात लवकर, फार तर तीन महिन्यांत, आणि वकिलाला विचारूनच. पश्चिम लंडनमधल्या हिलिंग्डन कौन्सिलची दहा वर्षं वास्तव्याची अट 2019मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्ये टिकली नाही, ती अशाच लढ्यातून. त्यात एक कुर्द निर्वासित होते. म्हणजे परदेशातून आलेल्यांनी गप्प बसावं असं अजिबात नाही.

वशिल्याचं म्हणाल, तर घर मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर एक पौंडही देऊ नका.

रिव्ह्यू चालू असताना दर आठवड्याला बिड करत राहा, म्हणजे कौन्सिल जाहीर करते त्या घरांसाठी पसंती नोंदवत राहा. आणि बेघर म्हणून कौन्सिलने एखादं घर देऊ केलं, तर ते नापसंत असलं तरी सल्ला घेतल्याशिवाय नाकारू नका. आधी ताबा घेऊन मग 21 दिवसांत 'हे आम्हाला योग्य नाही' असा रिव्ह्यू मागता येतो. नाकारून बसलात आणि रिव्ह्यू हरलात, तर कौन्सिलची जबाबदारीच संपू शकते.