लोकशाहीमुळे देशाची आर्थिक वाढ मंदावते का?

चीन लोकशाहीशिवाय एवढा पुढे गेला, मग आपल्याला लोकशाहीनेच मागे ठेवलं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर नाही असं आहे.

तुमच्या बाजूचं आधी मान्य करतो. दक्षिण कोरिया पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीत झपाट्याने वाढला, लोकशाही तिथे १९८७ नंतर रुजली. आणि आमच्या विदर्भात गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ सालचं. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, खर्च हजारो कोटींवर गेला, कालवे रखडत राहिले. राग येतोच.

पण त्याच चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसं उपासमारीने मेली. अधिकारी पिकाचे आकडे फुगवून कळवायचे, सरकार त्या हिशेबाने धान्य उचलून न्यायचं, आणि कोठार रिकामं आहे हे म्हणायची कोणाची छाती नव्हती.

माझी आई मूळची बीडकडची, लग्न होऊन नागपुरात आली. बाहत्तरच्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती. आजी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, घरी मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी. मिलोचं नाव काढलं तरी आई आजही तोंड वाकडं करते. पण घरातलं कोणी भुकेने गेलं नाही. मोर्चे निघत होते, पेपरात बातम्या येत होत्या, विरोधक सरकारला धारेवर धरत होते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. लोकशाहीत मोठ्या प्रमाणावर भूकबळी जात नाहीत, हे अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचं म्हणणं आमच्या घराने अनुभवलंय.

वाढीचंच म्हणाल तर अर्थतज्ज्ञ अ‍ॅसेमोग्लू आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासली. लोकशाहीकडे वळलेल्या देशांचं दरडोई उत्पन्न २५ वर्षांत, एरवी असतं त्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त भरलं. शाळा, दवाखाने आणि गुंतवणूक वाढते, हे त्यामागचं कारण.

गोसेखुर्दचं दुखणं मला लोकशाही कमी पडल्याचं वाटतं. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा इथल्या यशवंत स्टेडियमकडे या. थंडीत रस्त्यावर कागद अंथरून बसलेल्या अंगणवाडी सेविका दिसतील, धरणग्रस्त दिसतील. मोर्चा अडवला जातो, निवेदन घेतलं जातं, अधिवेशन गुंडाळतं. मग वर्षभर दाद मागायची तर मुंबई गाठावी लागते.