प्रश्न फीचा, गळती विम्यात

प्रश्न : आम्ही अमेरिकेत ग्रीन कार्डावर राहतो. माझा पगार वर्षाला ९०,००० डॉलर असून कमावता मी एकटाच. मुलाला जवळच्या कम्युनिटी कॉलेजात टेलिकम्युनिकेशन टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करायचा आहे. त्याच्या शिक्षणासाठी चार वर्षांपूर्वी इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (शेअर निर्देशांकाशी जोडलेली, बचतीसह आयुर्विमा) घेतली. हप्ता महिना ६०० डॉलर. तो भरता यावा म्हणून ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीबचतीत पैसे भरणे थांबवले. आज सरेंडर व्हॅल्यू ९,५०० आहे. फीसाठी पॉलिसीवर कर्ज काढावे का?

उत्तर : काढू नये, कारण फीसाठी कर्जाची गरजच नाही. स्थानिक विद्यार्थ्याला अशा कॉलेजची फी सरासरी वर्षाला ४,००० डॉलरच्या आसपास पडते. अमेरिकन अपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट या शिक्षणखर्चावरच्या करसवलतीत पहिले २,००० पूर्ण आणि पुढच्या २,००० चा चौथा हिस्सा, म्हणजे २,५०० डॉलर करातून परत मिळतात. खिशातून जाणार ते १,५००. फॅफ्सा हा सरकारी शिक्षणसाहाय्याचा अर्ज भराच. पेल ग्रांट (परत न करावे लागणारे सरकारी अनुदान) मिळाली तर हा हिशेब आणखी हलका होईल.

खरी चूक आपण ओघात सांगून गेलात. चार वर्षांत आपण २८,८०० भरले आणि हाती ९,५०० येणार. शिवाय, पत्राच्या शेवटी आपण लिहिल्याप्रमाणे, आपण नोकरी करता ती कंपनी ४०१(के) मधल्या पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंतच्या वर्गणीवर निम्मी भर घालते. म्हणजे वर्षाला २,७०० आणि चार वर्षांत १०,८०० डॉलर आपण सोडून दिले. ‘बाजार पडला तरी तोटा नाही’ असे सांगून ही पॉलिसी विकणारा एजंट, विम्याचा खर्च दरमहा कापला जातो, नफ्याला कमाल मर्यादा असते आणि निर्देशांकातला लाभांश आपल्याला मिळत नाही, हे सहसा सांगत नाही. चार वर्षांनी लागणाऱ्या पैशासाठी ती विकणे तर निव्वळ बेजबाबदारपणा आहे, कारण पॉलिसी लवकर सोडल्यास कापला जाणारा सरेंडर चार्ज बहुधा दहा-पंधरा वर्षे पाठ सोडत नाही.

आधी साधी टर्म पॉलिसी (बचत नसलेला, ठरावीक मुदतीचा विमा) घ्या. ती हातात पडेपर्यंत जुनी सोडू नका. मग हप्ता थांबवून ६०० पैकी ४५० डॉलर ४०१(के) मध्ये वळवा, म्हणजे कंपनीची पूर्ण भर पुन्हा सुरू होईल. उरलेल्या दीडशेत वर्षाचे १,८०० होतात; फी त्यातच भागते. टर्मचा हप्ता ४०१(के) मुळे वाचणाऱ्या करातून निघावा. सरेंडरचे ९,५०० अडीअडचणीसाठी ठेवा. नफाच नसल्याने त्यावर कर लागणार नाही. एजंट ‘आणखी थोडी वर्षे थांबा’ म्हणेल. तेव्हा त्याच्याकडे सरेंडर चार्जचा वर्षवार तक्ता आणि चालू पॉलिसीचे नवे इलस्ट्रेशन (पुढच्या वर्षांचा अंदाजी हिशेब) लेखी मागा.

मुलाची निवड मला पटते. प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा मात्र पाहून या : फायबर (प्रकाशतंतू) जोडण्याचे फ्यूजन स्प्लायसर हे यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती येते की शिक्षकच करून दाखवतात, आणि जोडणीत किती सिग्नल घटतो ते ओटीडीआर या उपकरणावर मोजायला मिळतो का, हे विचारा. पुढे त्याला बी.एस. ही चार वर्षांची पदवी करायची असेल, तर असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स या दोन वर्षांच्या पदवीची सगळी क्रेडिट्स विद्यापीठे अनेकदा धरत नाहीत. त्यामुळे कोणती धरली जातील, हे त्या विद्यापीठाकडून पहिल्या सत्राची नावनोंदणी करण्याआधी लेखी घ्यावे.