लान्चा कंपनी इतक्या पुढारलेल्या गाड्या बनवत होती, तर ती फियाटच्या ताब्यात कशी गेली? आता बंद पडली का?

आधी उच्चाराबद्दल दाद देतो. बहुतेकजण 'लान्सिया' म्हणतात. लान्चा म्हणजे इटालियनमध्ये भाला.

फियाटकडे कशी गेली, याचं उत्तर एका ओळीत द्यायचं तर, गाडीवर किती खर्च करायचा याला तिथे धरबंद नव्हता. गंमत अशी की संस्थापक विन्चेन्झो लान्चा मुळात हिशेबनीस! वडिलांनी डबाबंद सूपच्या धंद्यात पैसा केलेला. पोरगा तोरिनोत (म्हणजे ट्युरिन) चेइरानो यांच्या मोटार कारखान्यात वह्या लिहायला लागला, पण जीव सगळा वर्कशॉपमध्ये. १८९९ मध्ये फियाटने तो कारखाना घेतला आणि हा त्यांचा टेस्ट ड्रायव्हर, मग रेसर झाला. १९०६ मध्ये क्लाउदिओ फोगोलिन या सहकाऱ्याबरोबर त्याने स्वतःची कंपनी काढली.

१९२२ ची लाम्बदा ही माझ्या मते त्यांची सगळ्यात महत्त्वाची गाडी. तोवर मोटार म्हणजे खाली लोखंडी चासी आणि वर बसवलेली बॉडी, आपल्याकडच्या ट्रकसारखी. लाम्बदाला वेगळी चासीच नव्हती. जहाजाच्या सांगाड्यासारखी बॉडीच सगळा भार पेलायची. त्यामुळे गाडी बुटकी झाली, माणसं गाडीच्या 'वर' नाही तर 'आत' बसू लागली. पुढची दोन चाकं एकमेकांवर अवलंबून न राहता वरखाली व्हायची, ब्रेक चारही चाकांना. आज आपल्या पार्किंगमधल्या जवळजवळ प्रत्येक छोट्या कारला वेगळी चासी नसते, हे लक्षात घ्या आणि मग ते साल पुन्हा वाचा.

विन्चेन्झो १९३७ मध्ये गेला. मुलगा जान्नी याने वडिलांची हौस उचलली, पण हात आखडता घेणं काही उचललं नाही. १९५० मध्ये आली आउरेलिया, व्ही-सिक्स इंजिन (सहा सिलिंडर, इंग्रजी V च्या आकारात) असलेली पहिली उत्पादित कार. गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, वजन दोन्हीकडे सारखं वाटलं जावं म्हणून. इथवर ठीक. पण मग फॉर्म्युला वनचं वेड लागलं. व्हित्तोरिओ यानो या इंजिनिअरने डी-५० ही रेसिंग कार बनवली, पेट्रोलच्या टाक्या पुढच्या-मागच्या चाकांमध्ये, बाजूला लटकवलेल्या. २२ मे १९५५ ला मोनाकोच्या शर्यतीत लान्चाचा रेसर अल्बेर्तो आस्कारी ती घेऊन थेट समुद्रात गेला आणि वाचला. चारच दिवसांनी मोंझाच्या रेस ट्रॅकवर फेरारीची गाडी चालवून बघताना तो गेला. तिजोरी आधीच खडखडाट. लान्चाने रेसिंग सोडलं, गाड्या फेरारीच्या हवाली झाल्या, आणि १९५६ मध्ये त्याच गाड्या घेऊन फान्जिओ हा रेसर विश्वविजेता झाला. म्हणजे स्वयंपाक एकाचा, पंगत दुसऱ्याची.

तोरिनोत शिकत असताना मी बोर्गो सान पाओलो भागातून सायकलने जायचो. तिथे लान्चाची जुनी कचेरी आहे, उंच इमारत, खालून चक्क रस्ता जातो. ती उभी राहिली याच पैशाच्या ओढाताणीच्या काळात! मला दर वेळी हसू यायचं.

पुढे सिमेंटवाल्या कार्लो पेसेन्ती यांनी कंपनी घेतली. तरी खोड गेली नाही. १९६० च्या फ्लाविआला फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. शेवटी १९६९ मध्ये फियाटने कर्जासकट ती उचलली, शेअरला नाममात्र एक लिरा देऊन.

रॅलीचा पराक्रम त्यानंतरचा, फियाटच्या पैशावरचा. स्ट्राटोस, ०३७, डेल्टा या गाड्यांची मिळून उत्पादकांची दहा विश्वविजेतेपदं, त्यातली सहा १९८७ ते १९९२ सलग. पण त्याच काळात बीटा गाडीच्या गंजाने ब्रिटनमध्ये नाव इतकं खराब झालं की १९९४ मध्ये तिथून गाशा गुंडाळावा लागला.

आणि नाही, बंद पडलेली नाही. काही वर्षं फक्त इटलीत, इप्सिलॉन या एकाच छोट्या गाडीवर तग धरून होती. २०२४ मध्ये तिचीच नवी आवृत्ती आली.