शिक्षक न लावता घरच्या घरी गिटार शिकता येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वय पस्तिशीच्या पुढे, दिवसभराची नोकरी, राहणे चिपळूणला, घरी हार्मोनियम आहे आणि भावगीते गाण्याची आवड आहे, जवळपास गिटारचा शिक्षक नसल्यामुळे आपण तीन महिने व्हिडिओ पाहून शिकत आहात, परंतु बोटे दुखतात, एका कॉर्डवरून (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या गटावरून) दुसऱ्या कॉर्डवर जाताना गाणे थांबते आणि एफ कॉर्ड तर वाजतच नाही, तेव्हा हा दोष वयाचा आहे का आणि शिक्षकाविना हे जमेल का?

दोष वयाचा नाही, आणि शिक्षकाविना गिटार निश्चित शिकता येते. मी स्वतः घरीच शिकलो आणि पुढे माझ्यासारख्या अनेक नवशिक्यांना जवळून पाहत आलो. शास्त्रीय गिटारला मैफलीच्या व्यासपीठावर मानाचे स्थान मिळवून देणारे स्पॅनिश वादक आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) हे बहुतांशी स्वतःच शिकले होते. अमेरिकेतील जॅझ वादक वेस मॉन्टगोमेरी यांनी सहा तारांची गिटार विशीच्या उंबरठ्यावर हाती घेतली, जॅझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्यांतले वादन हाताखाली आणले, आणि दिवसा कारखान्यात काम करून रात्री क्लबमध्ये वाजवले. असामान्य प्रतिभेची ही माणसे आपल्यासाठी मापदंड नव्हेत, हे मान्य. मात्र ती कशाच्या बळावर शिकली, हे आपल्यालाही लागू पडते. ती कानाच्या बळावर शिकली.

शिक्षक मुख्यतः दोन कामे करतो : दाखवतो आणि ऐकतो. दाखवण्याचे काम आज व्हिडिओ उत्तम करतात; हवे तितक्या वेळा, हव्या त्या गतीने करतात. परंतु आपण जे वाजवता ते व्हिडिओ ऐकत नाही, आणि घरी शिकणाऱ्यांपैकी जे अडतात ते बहुधा इथेच अडतात. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की शिक्षकाचे ऐकण्याचे काम आपणच अंगावर घ्यावे. नवीन कॉर्ड, नवीन व्हिडिओ आणि नवीन गाणी यांच्या मागे लागण्याआधी, जे वाजते आहे ते बारकाईने ऐकण्याची व्यवस्था करावी.

मात्र त्याआधी वाद्य तपासून घ्या. बोटे दुखण्याचे कारण अनेकदा बोटांत नसून गिटारमध्ये असते. गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पत्र्यांनी जी घरे पडतात त्यांना फ्रेट म्हणतात. एक मोजपट्टी घेऊन बाराव्या फ्रेटच्या पत्रीपासून सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. पोलादी तारांच्या गिटारवर ते अडीच मिलिमीटरच्या आसपास, आणि सर्वांत बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असावे. हे अंतर, म्हणजे ॲक्शन, अशा गिटारवर साडेतीन-चार मिलिमीटर असेल तर अनुभवी वादकाचीही बोटे दुखतील. त्यानंतर नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीची, परीक्षा करा : एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि त्या तारेत व पहिल्या फ्रेटच्या पत्रीत किती फट उरते ते पाहा. ती जेमतेम कागदाच्या जाडीइतकी असावी. फट ठळक दिसत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, आणि आपली एफ कॉर्ड न वाजण्याचे निम्मे कारण तिथेच सापडेल, कारण एफ पहिल्या फ्रेटवर, नटला अगदी लागून धरावी लागते. स्वस्त गिटारी दुकानात या अवस्थेत सर्रास येतात. नट व सॅडल (तारांच्या दुसऱ्या टोकाला त्या जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून ॲक्शन खाली आणणे हे जाणकार कारागिराचे काम आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याकडे जाणे होईल तेव्हा वाद्य सोबत न्यावे. तोपर्यंत सर्वांत बारीक तार ०.०१० इंच जाडीची असलेला हलका संच लावला तरी बराच फरक जाणवतो. आपली गिटार नायलॉन तारांची असेल तर मात्र तिला पोलादी तारा कधीही लावू नका. पोलादी तारांच्या मध्यम संचाचा एकूण ताण सुमारे ८५ किलो असतो आणि नायलॉनचा ४० किलोच्या आसपास. हा जास्तीचा ताण नायलॉनसाठी बांधलेल्या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात तो लाकडी तुकडा, उखडू शकतो.

आता सुरांकडे येतो, कारण आपण गाणारे आहात आणि गाणाऱ्या माणसाला इथे एक अडचण येते, जिची वाच्यता व्हिडिओंमध्ये क्वचितच होते. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, हार्मोनियमचे स्वरही तसेच. या विभागणीत शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यांपैकी सुमारे चौदा भागांनी. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला हा फरक कळतो. मग काय होते? जी कॉर्ड वाजवली की बी ही तार चढी वाटते, कारण त्या कॉर्डमध्ये ती गंधार आहे. माणूस खुंटी फिरवून ती जराशी उतरवतो आणि जी कॉर्ड गोड होते. पुढच्याच क्षणी ई कॉर्ड वाजवावी तर ती बेसूर लागते, कारण तिथे तीच बी तार पंचम आहे आणि आता तो पंचम उतरलेला आहे. मग दुसरी खुंटी, मग तिसरी, आणि अर्धा तास त्यातच जातो. यावर उपाय एकच : प्रत्येक मोकळी तार ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) स्वतंत्रपणे लावावी, जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी, आणि त्यानंतर कॉर्डच्या गोडव्यासाठी खुंटीला हात लावू नये. कान काही दिवसांत या वाद्याच्या गंधाराशी जुळवून घेतो आणि गाताना आपला गंधार आपल्यापाशी शाबूत राहतो.

बोटांविषयी फार लिहीत नाही. टोके तीन-चार आठवड्यांत घट्ट होतात आणि ते दुखणे मागे पडते. मनगटात कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र लगेच थांबावे आणि हाताची ठेवण बदलावी. बोट फ्रेटच्या मधोमध न ठेवता पुढच्या पत्रीला अगदी खेटून ठेवावे. आणि एक प्रयोग अवश्य करावा : बोट तारेवर नुसते टेकवा, उजव्या हाताने ती तार छेडत राहा आणि दाब हळूहळू वाढवा. आधी बद्द आवाज येईल, मग झणझण, आणि मग एका क्षणी स्वर स्वच्छ होईल. तिथे थांबा. तेवढाच दाब पुरतो, आणि तो आपण एरवी देत असलेल्या दाबाच्या मानाने किती कमी आहे हे लक्षात आले की बोटांचे निम्मे श्रम वाचतात.

कॉर्ड बदलताना गाणे थांबते, याचे कारण बहुतेकांच्या बाबतीत असे असते की ते आधीची कॉर्ड पूर्ण सोडतात, हात हवेत उचलतात आणि नवी कॉर्ड शून्यापासून बांधतात. सी आणि ए मायनर या दोन कॉर्ड घ्या (तारांचे क्रमांक सर्वांत बारीक तारेपासून मोजायचे). सीमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असते. ए मायनरमध्ये तर्जनी आणि मधले बोट जिथल्या तिथेच राहते. फक्त अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर जाते. म्हणजे बदल एकाच बोटाचा आहे. कोणत्याही दोन कॉर्डांमध्ये कोणते बोट स्थिर राहते, कोणते नुसते सरकते, हे आधी शांतपणे पाहावे आणि गाणे बाजूला ठेवून तेवढाच बदल मेट्रोनोमवर (ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्रावर) करावा. गती मिनिटाला ६० ठोके ठेवा. तरीही अडखळत असेल तर ५० वर या. ज्या गतीवर चूक होत नाही ती आपली आजची गती. अडखळत वेगाने वाजवण्याचा सराव केला तर हात अडखळणेच शिकतो.

उजव्या हाताकडे घरी शिकणारा माणूस सर्वांत कमी लक्ष देतो, आणि ऐकणाऱ्याला तर सर्वांत आधी तोच ऐकू येतो. आपल्याला केरवा ठाऊक असेलच. त्याच्या आठ मात्रा मोजा आणि हात लंबकाप्रमाणे अखंड हलता ठेवा : पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या मात्रेला खाली आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या मात्रेला वर. आता पहिल्या मात्रेला खाली वाजवा, दुसरीला हात वर जाऊ द्या पण तारांना लागू देऊ नका, तिसरीला खाली, चौथीला वर, पाचवीला हात खाली येईल पण पुन्हा तारा चुकवील, सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. असंख्य गाण्यांमागे वाजणारे स्ट्रमिंग, म्हणजे सर्व तारांवरून हात फिरवणे, ते हेच. व्हिडिओमध्ये ते ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ असे शिकवले जाते आणि पाचव्या मात्रेला हात थबकतो, कारण ती मात्रा त्या वर्णनात कुठेच नसते. हात थबकला की लय गेली. तारांना स्पर्श करावा की न करावा एवढेच ठरवायचे. हात थांबवायचा नाही.

एवढे करूनही आपले आपल्याला सगळे ऐकू येत नाही, कारण वाजवताना मन बोटांत गुंतलेले असते. म्हणून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, आणि ते लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी, वाद्य हाती नसताना ऐका. काल सुरळीत वाटलेल्या गाण्यात लय कुठे धावते, कॉर्ड बदलताना अर्धी मात्रा कुठे हरवते, कोणती तार मुकी राहते, हे इतक्या स्पष्टपणे समजते की त्या दिवशी कशाचा सराव करायचा हे वेगळे ठरवावे लागत नाही. दररोज अर्धा तास पुरेसा आहे, आणि रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा तो कितीतरी अधिक फळ देतो.

एफ कॉर्ड तूर्त बाजूला ठेवा, असे मी सुचवीन. ज्यात तर्जनी आडवी ठेवून सहाही तारा दाबायच्या असतात तो एफचाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. तिथे तार पुष्कळ नरम लागते आणि तो आकार ए कॉर्ड देतो. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलती करा, म्हणजे तिची हाडाची कड तारांवर येते. तिथे जमले की एकेक फ्रेट खाली उतरत पहिल्यावर या. तोवर गाणे अडू नये यासाठी कॅपो, म्हणजे मानेवर लावून सर्व तारा एकदम दाबणारा चिमटा, घ्या. आपली पट्टी काळी एक असेल तर चौथ्या फ्रेटवर कॅपो लावून ए, डी आणि ई या सोप्या कॉर्ड वाजवा; पांढरी चार असेल तर तिसऱ्या फ्रेटवर आणि काळी दोन असेल तर पहिल्या फ्रेटवर लावून डी, जी आणि ए. साध्या चालीची बहुतेक भजने व आरत्या या तीन-तीन कॉर्डांत बसतात आणि एफची गरजच पडत नाही. हार्मोनियम घरी असल्यामुळे पट्टी पडताळून पाहणे आपल्याला सोपे जाईल.

कोकणातला पावसाळा या वाद्याला मानवत नाही. दमट हवेने लाकूड फुगते, ब्रिजजवळचा भाग वर येतो आणि ॲक्शन पुन्हा चढते; पोलादी तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, गिटार बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात.

एक गोष्ट मात्र कानाने कळत नाही, ती म्हणजे हाताची ठेवण. मनगट किती वाकले आहे, खांदा उचलला जातो आहे का, हे आरशात पाहावे, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा एखाद्या जाणकाराला, प्रत्यक्ष नाही तर व्हिडिओ कॉलवर, तासभर दाखवावे. बाराव्या फ्रेटवरची उंची मोजून, आणि आपली पट्टी कोणती तेही लिहून कळवलेत, तर कारागिराकडे जाण्याची खरोखर गरज आहे का आणि कोणत्या कॉर्डांपासून सुरुवात करावी, हे मी इथेच सविस्तर लिहीन.